मुकी पेटी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं. तिथे कोपऱ्यात एक माठ असे आणि माठाच्या तोंडावर पालथा घातलेला सहा इंची स्पीकर. रेडिओतून दोन वायरी ओढून त्याला जोडलेल्या. शाळेतून येताना आम्ही मुलं तिथे हमखास रेंगाळायचो, कारण घरच्या रेडिओत नुसती टकटक वाटणारी ढोलकी त्या माठातून निघाली की पोटात जाणवायची. बरेच दिवस ऐकल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ढोलकी असो, डग्गा असो की गिटारची जाड तार, माठातून प्रत्येकाचा खालचा सूर एकच निघतो. गाणी बदलत होती, घुमारा तोच होता. आम्ही ऐकत होतो ती ढोलकी थोडी आणि माठ जास्त.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की एक ठरावीक सूर येतो. मानेतली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. वजन स्प्रिंगवर खालीवर झुलावं तशी मानेतली हवा आतबाहेर झुलते. पोट मोठं तर सूर खाली, मान रुंद आणि आखूड तर सूर वर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून अशा पोकळीला त्यांचंच नाव मिळालं. शिंप्याचा माठ हा या जातीचाच. त्याचा स्वतःचा एक सूर होता आणि तो जे मिळेल त्यात मिसळत होता.

मिरजेला तंबोऱ्याच्या कारागिरांकडे गेलात तर नेमकं हेच हवं असतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा निवडताना ते त्याची जाडी पाहतात, टिचकी मारून ऐकतात. तारेची थरथर घोडीतून तबलीवर आणि भोपळ्यात जावी, त्याने ती मोठी करावी, तिच्यात आपला रंग भरावा, यासाठीच तर एवढी मेहनत. वाद्याची पेटी बोललीच पाहिजे. आपल्याकडे तर नुसतं ‘पेटी’ म्हटलं की हार्मोनियमच डोळ्यांसमोर येते.

स्पीकरची पेटी याच्या बरोबर उलट. मिरजेच्या तंबोऱ्याचा रंग ध्वनिमुद्रणात आधीच उतरलेला असतो. त्यावर माझ्या प्लायवूडचा रंग चढला तर मी तंबोरा ऐकत नाही, तंबोरा आणि कपाट एकत्र ऐकतो. म्हणून हाय-फाय स्पीकर स्वतःच्या हाताने बांधायला घेणाऱ्याने पहिल्यांदा हे मनाशी पक्कं करावं, की आपण वाद्य बनवत नाही. आपण एक मुकी पेटी बनवतोय, आणि मुकी पेटी बनवणं बोलक्या पेटीइतकंच अवघड आहे.

मग पेटी हवीच कशाला? स्पीकरच्या सुट्या भागांचा किट आला की हा प्रयोग आधी करून बघा. उघडा वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, हातात धरा, गाणं अगदी हळू लावा. आवाज किरटा येईल, खालचे सूर गायबच असतील. आता वूफरच्या मापाचं भोक पाडलेला एक मोठा पुठ्ठा त्याच्यापुढे धरा. क्षणात डग्गा भरून येतो. कारण असं, की वूफरचा कागदी कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मोकळ्या वूफरमध्ये ही पुढची-मागची हवा कडेने एकमेकींना गाठते आणि जमाखर्च शून्य होतो. खालच्या सुरांना कडेने वळून जाणं फार सोपं असतं, कारण त्यांची लाट लांब असते. ५० हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ सात मीटर लांब. तिच्यापुढे तेरा सेंटिमीटरचा वूफर म्हणजे काहीच नाही. पेटी ही मुळात मागच्या आवाजाला कोंडण्याची सोय आहे.

आज आपण वापरतो तो हलत्या कॉइलचा स्पीकर अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये शास्त्रशुद्ध पायावर उभा केला. चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कोन. शंभर वर्षांत मूळ रचना बदललेली नाही. बदलली ती पेटीची समज. बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो पेटीला एक मोजकं भोक ठेवण्याच्या कल्पनेसाठी. मागचा आवाज वाया का घालवायचा, तोच पोकळीतून फिरवून योग्य वेळी पुढे आणू, असा त्यांचा विचार. म्हणजे शिंप्याचा माठच, पण हिशेबाने. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्याबरोबर कंपनी काढून एआर-१ हा स्पीकर आणला आणि उलट टोकाचा रस्ता धरला. पेटी पूर्ण बंद, वूफरची स्वतःची स्प्रिंग अगदी ढिली, आणि खरी स्प्रिंग म्हणजे आत कोंडलेली हवा. हवेची स्प्रिंग कापडाच्या स्प्रिंगपेक्षा जास्त इमानी असते. त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतून खोल सूर निघायला लागले.

तरीही पेटी किती लिटरची असावी, हा प्रश्न अंदाजानेच सुटत होता. तो आकड्यांत आणला ऑस्ट्रेलियाने. नेव्हिल थिएल या अभियंत्याने १९६१ मध्ये एक निबंध लिहिला आणि भोकाची पेटी म्हणजे विजेच्या फिल्टरचंच एक रूप आहे, हे दाखवलं. निबंध तिकडच्या नियतकालिकात राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. पाठोपाठ सिडनी विद्यापीठात काम करणारे रिचर्ड स्मॉल यांनी तो विचार बंद पेटीपासून भोकाच्या पेटीपर्यंत सगळीकडे लावून दाखवला. आज कुठल्याही बऱ्या वूफरबरोबर जो आकड्यांचा कागद येतो, त्यातल्या आकड्यांना थिएल-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. वूफर मोकळा असताना कुठल्या सुरावर झुलतो, त्याची स्प्रिंग किती लिटर हवेइतकी ताठ आहे, आणि त्याला लगाम किती घट्ट आहे, असे तीन आकडे हाती असले की पेटीचं पोट कागदावर ठरतं. या दोघांचं ऋण मला फार मोठं वाटतं. हौशी माणसाच्या आणि कारखान्याच्या मधली भिंत त्यांनी पाडली.

चांगला किट शक्य झाला तो अशा ज्ञानामुळे. त्याआधीही किट होतेच. अमेरिकेत हीथकिट होतं, इंग्लंडमध्ये व्हार्फडेल आणि केईएफ आपले स्पीकर सुटे विकत आणि पेटीचे आराखडे देत. पण चांगल्या किटमध्ये आपण खरं तर काय विकत घेतो, हे नीट कळायला हवं. खोक्यात दोन वूफर, दोन ट्वीटर, काही कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर आणि एक आराखडा असतो. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही मिळतील. विकत मिळतं ते त्या आराखड्यामागचं मोजमाप. कुणीतरी महिनोन् महिने मायक्रोफोन लावून, ऐकून, पुन्हा बदलून ठरवलेलं.

हे क्रॉसओव्हरमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. वूफरला खालचे सूर आणि ट्वीटरला वरचे, अशी वाटणी करणारा हा छोटा पाट. पुस्तकी सूत्र सोपं आहे. आठ ओहमच्या ट्वीटरला ३००० हर्ट्झच्या वरचंच द्यायचं तर ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वूफरला त्याखालचंच द्यायचं तर ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल. पण आठ ओहम हे फक्त नाव. प्रत्यक्षात वूफर आपल्या झुलण्याच्या सुरावर तीस-चाळीस ओहमही दाखवतो आणि वर जाताना पुन्हा चढत जातो. ट्वीटर बहुतेक वेळा वूफरपेक्षा जोरात वाजतो, त्याला रेझिस्टरने आवरावं लागतं. शिवाय पेटीच्या पुढच्या फळीची रुंदीही हिशेबात येते. वीस सेंटिमीटर रुंद फळी असेल तर साधारण पाच-सहाशे हर्ट्झच्या वरचा आवाज फळीवरून पुढेच जातो, खालचा मात्र पेटीला वळसा घालून खोलीभर पसरतो आणि पुढे पातळ होतो. ही तूट कॉइलनेच भरून काढायची असते. सूत्राने बनवलेला क्रॉसओव्हर आणि मोजून बनवलेला क्रॉसओव्हर यांत हा असा फरक.

म्हणून एक विनवणी. दिसायला छान म्हणून ट्वीटर दोन इंच वर सरकवू नका. ३००० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेअकरा सेंटिमीटर. वूफर आणि ट्वीटर दोन्ही जिथे एकाच वेळी वाजतात, त्या भागात दोघांच्या कानापर्यंतच्या अंतरात पावणेसहा सेंटिमीटरचा फरक पडला तर एक जण हवा दाबत असताना दुसरा ओढत असतो. १९७६ मध्ये सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी, रस रायली यांच्या साथीने, दोघांनी मिळून सपाट आवाज द्यावा अशी वाटणी मांडली. आज ती त्या दोघांच्याच नावाने ओळखली जाते आणि कितीतरी किट तिच्यावर उभे आहेत. तिच्या एका प्रकारात ट्वीटरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडायच्या असतात. नवखा माणूस आराखड्यात ‘चूक’ पाहतो, प्रेमाने सुधारतो आणि गाण्याच्या मधोमध खड्डा पाडतो. कॉइलचंही तसंच. दोन कॉइल शेजारी एकाच दिशेने ठेवल्या तर त्या एकमेकींशी बोलतात. एक आडवी आणि एक उभी ठेवावी, आणि मध्ये अंतर सोडावं.

माझ्या किटमध्ये पाच इंची वूफर आणि पंचवीस मिलिमीटरचा कापडी घुमटाचा ट्वीटर होता. पेटी भोकाची, पोट अकरा लिटर. भोकासाठी पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि बारा सेंटिमीटर लांब नळीचा तुकडा. या मापांवर पेटीचा सूर ५८ हर्ट्झच्या आसपास येतो. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते, म्हणजे माझा खर्ज सुखरूप होता. खरं तर तंबोऱ्याची जवारी इतके वरचे स्वर उधळते, की खर्जाचा मूळ सूर जेमतेम असला तरी कान तो स्वतःच भरून काढतो. डग्ग्याला मात्र ती सवलत नाही.

पेटी मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडून करून घेतली. आयुष्य दारं-खिडक्या आणि देव्हारे करण्यात गेलेलं. मी कागदावर बाहेरची मापं दिली: २० सेंटिमीटर रुंद, ३५ उंच, २५ खोल. त्यांनी ती इंच आणि सुतात करून घेतली. एक इंचात आठ सूत, हे त्यांच्या हातातलं माप. सुताची चूक त्यांच्याकडून होत नाही आणि झालीही नव्हती. पाच बाजू जोडून झाल्या, पुढची फळी बसवायची बाकी होती, तेव्हा मी एक लिटरचं माप आणि ज्वारीचं पोतं घेऊन गेलो. पेटी पाठीवर निजवली आणि पुढची फळी जिथे येणार त्या रेघेपर्यंत ज्वारी भरायला लागलो. अकरा मापं झाली तरी रेघ दूर. बारा झाली. तेरावं माप ओतलं तेव्हा ज्वारी रेघेला टेकली.

“बाहेरचं माप तर तंतोतंत आहे, दादा,” मिस्त्री म्हणाले, आणि टेप लावून दाखवलं. तेव्हा मी फळीची कड पाहिली. आराखडा अठरा मिलिमीटरच्या फळीचा होता. दुकानदाराने बारा दिली होती आणि मी कागदावर जाडी लिहिलीच नव्हती. अठरा मिलिमीटरमध्ये आतलं माप १६.४ गुणिले ३१.४ गुणिले २१.४, म्हणजे अकरा लिटर. बारामध्ये १७.६ गुणिले ३२.६ गुणिले २२.६, म्हणजे तेरा लिटरला जेमतेम काही थेंब कमी. पेटीचा सूर ५८ वरून ५४ हर्ट्झच्या आत उतरणार होता. पण मला जास्त काळजी फळीचीच होती. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. बारा मिलिमीटरची फळी अठराच्या तुलनेत एक तृतीयांशही ताठ नसते. मी बोटाच्या पेराने बाजूवर टकटक केलं. टुक, असा गोड आवाज आला. मिरजेत चालला असता.

मिस्त्री थोडा वेळ पेटीकडे पाहत राहिले. “बारा आणि सहा किती?” त्यांनी विचारलं. आतून सगळीकडून सहा मिलिमीटरची फळी चिकटवायची, बाहेरचं माप हलत नाही आणि आतलं आपोआप बसतं. हिशेब इतका सरळ होता, की मला तो सुचला नव्हता. मी फक्त गोंदाची अट घातली: पांढरा, दगडासारखा वाळणारा गोंद नको, लवचीक राहणारा रबरी गोंद हवा. दोन फळ्यांच्या मध्ये असा मऊ थर असला की फळी वाकताना तो थर घासला जातो आणि थरथर उष्णतेत जिरते. एकसंध अठरा मिलिमीटरच्या फळीला हे जमत नाही.

पातळ फळी आणि जिरवणारा थर, ही वाट बीबीसीने फार पूर्वी धरली होती. किंग्जवुड वॉरनच्या संशोधन विभागात १९७०च्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर घडला. त्याची मुळं एका वेगळ्याच कामात होती. नवे स्टुडिओ बांधण्याआधी त्यांच्या एक अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती करून त्यांत आवाज कसा फिरतो ते तपासलं जाई, आणि त्यासाठी लहान स्पीकर लागे. पुढे बाहेरच्या प्रक्षेपणाच्या अरुंद गाड्यांसाठी त्यातून एलएस३/५ए तयार झाला. वूफर आणि ट्वीटर दोन्ही केईएफचे. आणि पेटी? बारा मिलिमीटरच्या बर्च प्लायची, आतून जड आवरण चिकटवलेली. जाड पेटी थरथरलीच तर ती मधल्या सुरांत थरथरते, जिथे माणसाचा आवाज असतो आणि कान सर्वांत तिखट असतो. पातळ पेटीची थरथर खाली उतरते आणि आवरण तिला गिळतं. कोपऱ्यातल्या आधाराच्या पट्ट्या बीच लाकडाऐवजी दुसऱ्या मऊ लाकडाच्या घातल्या तेव्हाही आवाजात फरक ऐकू आला, असं त्यांच्या अहवालात आहे. निवेदकाचा आवाज समोर बसून ऐकायचा, मग आतल्या स्पीकरवर ऐकायचा आणि ताडून पाहायचा, अशी त्यांची शिस्त. लाकडाच्या पट्टीसाठी एवढा जीव टाकणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पुढची फळी बसली, सांध्यांतून आतून गोंदाची वळ फिरवली. हवेची गळती ही अशा पेटीची मोठी वैरीण. केसाएवढ्या फटीतून हवा फुसफुसते आणि खालचा सूर मरतो. उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस पिंजून बाजूंना लावला. भोकाच्या नळीसमोरची जागा मोकळी ठेवली. बंद पेटीत हाच कापूस आणखी एक काम करतो. दाबल्यावर हवा तापते, ती उष्णता धागे शोषतात, आणि स्प्रिंग थोडी मऊ होऊन पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते.

सोल्डर करताना घाई नको. तार आणि टोक दोन्ही तापू द्यावं, मग कथील आपोआप वाहतं. वूफरची अधिक-उणे टोकं दीड व्होल्टच्या सेलने तपासता येतात. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला क्षणभर टेकवलं की कोन बाहेर यायला हवा. ट्वीटरवर हा प्रयोग कधीही करू नये, त्याची तार केसाएवढी असते.

स्पीकर प्रथम वाजला तेव्हा मी तीन दिवस नुसता डग्गा ऐकत होतो. घिस्सा देताना तळहाताचा दाब वाढतो तसा डग्ग्याचा सूर वर चढतो. पेटी बिघडलेली असेल तर हा चढ ऐकू येत नाही, प्रत्येक घुमारा एकाच सुरावर येऊन थबकतो. शिंप्याच्या माठात व्हायचं ते हेच. माझ्याकडे चढ होता, पण एका जागी आवाज फुगत होता. पेट्या भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. भिंतीजवळ खालचे सूर वाढतात, कोपऱ्यात आणखी वाढतात. दीड हात पुढे ओढल्या, कोपऱ्यापासून दूर केल्या, आणि फुगवटा ओसरला. तरी कुठेतरी काहीतरी खणखणत होतं. बराच वेळ शोधल्यावर पेटीत नाही, लोखंडी कपाटावरच्या तांब्याच्या हंड्यात ते सापडलं. खाली लादी, वर सिमेंटचं छत आणि चारी भिंती उघड्या, अशा आपल्या खोल्यांमध्ये जाड पडदा आणि एखादी सतरंजी जे करते ते महागड्या वायरींनी होत नाही.

महिन्याभराने मिस्त्री घरी आले. त्यांना मी किशोरीताई आमोणकरांचा भूप लावून दिला. ते समोर बसले नाहीत. उठून पेटीच्या बाजूला गेले, तळहात फळीवर सपाट टेकवला, आणि देव्हाऱ्याची फळी तपासावी तसा हळूहळू वरून खाली फिरवला. तबला भरात होता. त्यांनी दुसरी पेटीही तशीच पाहिली.

“गप आहे,” ते म्हणाले, आणि मग येऊन बसले.